मोठा मासा ओढतो कुणाला? स्पिअरफिशिंगमधला फ्लोट आणि दोरी

निळ्याशार पाण्यात एक माणूस दम धरून खाली जातो, स्पिअरगनचा, म्हणजे पाण्याखाली बाण सोडणाऱ्या बंदुकीचा, घोडा दाबतो, आणि माणसाएवढा ट्यूना बाण अंगात घेऊन खोल अंधारात नाहीसा होतो. असले व्हिडिओ आता कोल्हापुरातही घरोघरी बघितले जातात आणि बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढा मोठा मासा त्या गड्याला ओढून कसा काय नेत नाही?

प्रश्न बिनचूक आहे. मासा नेऊ शकतो, आणि दोरी चुकीच्या जागी असली तर नेतोही. या शिकारीचं सगळं सामान त्या एका धोक्याभोवती घडत गेलंय. बाणाला दोरी असते, पण तिचं दुसरं टोक माणसाकडे नसतं. ते पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटला जोडलेलं असतं. मासा फ्लोटला ओढतो, आणि माणूस तोवर वर येऊन श्वास घेत असतो.

आमच्यापासून समुद्र घाट उतरून पलीकडे. तरी हे सामान हातात घेऊन बघता आलं, कारण माझा भाचा ब्रिस्बेनला असतो आणि तिथं ही शिकार शिकलाय. मागच्या खेपेला गन तिकडेच ठेवून तो बाकीचं सामान घेऊन आला. बाणाची टोकं आपल्याकडे लेथवर काढून मिळतील का, ते त्याला बघायचं होतं. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये त्यानं दोरी उलगडली तेव्हा ती एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जाऊन परत फिरली. मग दोन संध्याकाळी माझे प्रश्न आणि त्याची उत्तरं, असं चाललं.

सुरुवात दमापासून करू, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. तयारीचा शिकारी एका बुडीत साधारण मिनिट-दीड मिनिट, फार तर दोन मिनिटं पाण्याखाली असतो. तेवढ्यात खाली जायचं, मासा जवळ येईपर्यंत शांत थांबायचं, नेम धरायचा आणि वरपर्यंत परत यायचं. माशाशी झुंजायला यात वेळच नाही. उलट बाजूला मासा बघा. आपण तव्यावर टाकतो त्याच जातीची सुरमई ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पंधरा-वीस किलोची मिळते. पिवळ्या परांचा ट्यूना, म्हणजे कोकणातल्या कुप्याचा थोरला भाऊबंद, शंभर किलोच्याही पुढे जातो. टेरी मास या अमेरिकन शिकाऱ्यानं १९८२ साली मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ नुसता दम धरून पॅसिफिक ब्लूफिन ट्यूना मारला, तो ३९८ पौंडांचा होता. म्हणजे सुमारे १८० किलो. असल्या माशाशी ताकदीनं बरोबरी करायचा विचार कुणी करत नाही. त्याला दमवायचं काम हवेवर सोपवतात.

ही युक्ती फार जुनी आहे. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक सीलचं कातडं सबंध काढून त्याची पखाल करत, ती हवेनं फुगवत आणि भाल्याच्या दोरीला बांधत. भाला लागलेला प्राणी बुडी मारून पळायला लागला की पखाल त्याला वर खेचत राही, आणि तो कुठं आहे तेही दाखवी. आजचा फ्लोट म्हणजे त्या पखालीचंच रबर-प्लास्टिकचं रूप.

आता साखळी टोकापासून बघू. बाणाची दांडी सात-आठ मिलिमीटर जाडीची, कडक केलेल्या स्टेनलेस स्टीलची असते. बऱ्याच चांगल्या दांड्या १७-४ पीएच नावाच्या स्टीलच्या असतात. आपल्याकडे शाफ्ट आणि व्हॉल्व्हचे भाग करणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल. मोठ्या माशासाठी दांडीच्या पुढचं टोक सुटं असतं, त्याला स्लिप टिप म्हणतात. बोटाच्या दोन पेरांएवढा हा तुकडा दांडीवर नुसता बसवलेला असतो आणि छोट्या तारेनं किंवा चिवट दोरीनं दांडीशी जोडलेला असतो. बाण माशाच्या आरपार गेला, दोरीला ताण आला, की टोक दांडीवरून निसटतं आणि पलीकडच्या बाजूला आडवं होतं. त्यानंतर मासा जितका ओढेल तितकं ते घट्ट बसतं. दांडी मोकळी लोंबते, त्यामुळे तिच्या तरफेनं जखम फाटत नाही. कुप्याचं मांस मऊ असतं. साधा, पंखवाला बाण त्यातून उपटून येतो आणि जखमी मासा मरायला निघून जातो. सामानातल्या बऱ्याच गोष्टी माणसाच्या सुरक्षिततेसाठी आहेत, ही मात्र माशाच्या बाजूनंही विचार केल्याशिवाय पटत नाही. मारायचंच ठरवलं असेल तर मासा हातात आला पाहिजे.

बाणामागे काही मीटरची शूटिंग लाइन येते. ती बहुधा जाड मोनोफिलामेंटची, म्हणजे एकाच धाग्याच्या नायलॉनची असते. नेहमीच्या लहान शिकारीत ती गनला किंवा गनवरच्या रिळाला बांधतात. मोठ्या शिकारीत मात्र ती गनला फक्त अडकवलेली असते आणि तिच्या शेपटाला थेट फ्लोटची लांब दोरी जोडलेली असते. बाण सुटला, ताण आला, की ही अडकवण आपोआप सुटते. गन हातात मोकळी राहते, आणि बाण, शूटिंग लाइन, फ्लोटलाइन, फ्लोट अशी सलग साखळी माशामागे निघून जाते. याला ब्रेकअवे रिगिंग म्हणतात. भाच्याला मी विचारलं, "मग तुझ्या हातात काय उरतं?" तो म्हणाला, "मामा, काही उरत नाही, तेच पाहिजे असतं. तुम्ही फक्त वर यायचं."

फ्लोटचा जोर समजून घ्यायला पुस्तक नको. आपल्याकडची पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधून. पाच लिटरचा रिकामा कॅन बूच घट्ट लावून पाण्याखाली दाबून बघा, पाच किलोचा जोर लावावा लागतो. पंधरा लिटरचा डबा धडधाकट माणसालाही नीट दाबता येत नाही. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. हा आर्किमिडीजचा नियम शाळेत पाठ केलेला असतो, पण विहिरीत तो दंडात समजतो. समुद्राचं पाणी खारट म्हणून किंचित जड, लिटरला सुमारे १.०२५ किलो. तेव्हा तीस लिटरचा फ्लोट पूर्ण बुडवला तर त्याचं स्वतःचं वजन वजा जाता जवळजवळ तीस किलोनं तो वर ओढतो.

"पूर्ण बुडवला तर" हे इथं महत्त्वाचं आहे. फ्लोट पाण्यावर नुसता घसटत चाललाय तोवर माशाला त्याचं ओझं फारसं लागत नाही. लागतो तो पाण्याचा विरोध, आणि तो वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. म्हणजे पहिल्या धडाक्यात पळणारा मासा स्वतःच स्वतःवर मोठा ब्रेक लावून घेतो. मग तो खोल जायला लागला की फ्लोट बुडतो आणि तीस किलोंचं खरं ओझं सुरू होतं. ते दहा मीटर खाली नेणं म्हणजे तीस किलोचं पोतं तीन मजले वर नेण्याएवढं काम. मासा थांबला की फ्लोट त्याला परत वर खेचायला लागतो, विश्रांती मिळूच देत नाही. ट्यूनासारख्या माशाची सगळी ताकद या चढउतारात खर्ची पडते.

आता यातली खाच सांगतो, कारण बाजारात फ्लोटवर लिटरचा आकडा मोठा छापलेला असतो आणि घेणारा तेवढंच बघतो. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. मऊ, जेमतेम फुगवलेला तीस लिटरचा फ्लोट दहा मीटरवर पंधरा लिटरचा होतो, वीसवर दहाचा, तीसवर साडेसातचा. मासा जितका खोल नेईल तितका फ्लोट दुबळा पडत जातो. नेमकी उलटी गोष्ट.

यावर उपाय म्हणजे न ताणणाऱ्या जाड कापडाचा फ्लोट घेऊन त्यात दाबानं हवा भरायची. गाडीच्या टायरमध्ये साधारण तीस पीएसआय हवा असते. तेवढी हवा भरलेला फ्लोट सुमारे वीस मीटरपर्यंत आपला आकार टिकवतो, कारण तिथपर्यंत आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्तच असतो. त्याच्या खाली तोही चेपायला लागतो. टणक प्लास्टिकचे पोकळ फ्लोट उथळ पाण्यात उत्तम, ओढायला हलके, पण खूप खोल गेले तर चेपून बाद होतात. आत फोम भरलेले फ्लोट भोक पडलं तरी बुडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण, पण लिटरमागे वजन जास्त. मला विचाराल तर मोठ्या माशामागे जाणाऱ्यानं लिटरपेक्षा दाब किती सोसतो हे आधी विचारावं.

एकच राक्षसी फ्लोट घेण्यापेक्षा दोन किंवा तीन फ्लोट एकामागे एक जोडतात आणि मध्ये ताणणारी दोरी घालतात. पहिला बुडाला की दुसऱ्यावर ताण येतो, मग तिसऱ्यावर. ओझं टप्प्याटप्प्यानं चढतं, टोकाला हिसका बसत नाही. शेवटचा फ्लोट बहुतेक वेळा वरच राहतो आणि बोटवाल्याला मासा कुठं चाललाय ते दाखवतो. झेंडा त्याच्यावर किंवा शिकाऱ्याजवळच्या पहिल्या फ्लोटवर लावतात. लालवर पांढरा तिरपा पट्टा, किंवा पांढरा-निळा अल्फा झेंडा, दोन्हींचा अर्थ बोटींनी खाली माणूस आहे असाच घ्यायचा असतो.

आता दोरी. वाद असतो तो हिच्यावरच.

फ्लोटलाइन दोन जातींची. एक न ताणणारी. चिवट विणलेली दोरी आतमध्ये आणि तिच्यावर प्लास्टिकची नळी. नळीमुळे ती तरंगते, जाड असल्यानं हातात धरता येते, आणि सहसा गुंता होत नाही. दुसरी बंजी, म्हणजे रबरी नळी, आत सैल मुडपून ठेवलेली मजबूत दोरी. ती मूळ लांबीच्या दोन ते तीन पट ताणली जाते, मग आतली दोरी ताठ होते आणि ताणणं थांबतं.

बंजीचा फायदा हिसक्यात आहे. न ताणणारी दोरी संपली त्या क्षणी धावत्या माशाचा सगळा जोर एकदम जखमेवर येतो आणि टोक मांस फाडून सुटू शकतं. बंजी तोच जोर काही सेकंदांत पसरवते. शिवाय ती सतत थोडी ओढत राहते, त्यामुळे दोरी कधी ढिली पडत नाही आणि टोक पलीकडे आडवंच राहतं. उघड्या समुद्रात, जिथं खाली शेकडो मीटर नुसतं पाणी आहे, तिथं मी डोळे झाकून बंजी म्हणेन.

पण खडकाळ भागात हिशेब बदलतो. डॉगटूथ ट्यूना नावाचा मासा बाण लागला की सरळ खाली, प्रवाळाच्या कपारीकडे धावतो. तिथं दोरी धारदार प्रवाळावर एकदा घासली की खेळ संपला. त्याला तळाशी पोचू द्यायचं नसेल तर बंजीची मोकळीक महागात पडते. मग काहीजण कमी ताणणारी दोरी आणि मोठे फ्लोट वापरतात, काहीजण आखूड बंजी आणि बाकी कडक दोरी अशी मिसळ करतात. अनुभवी लोकांतही यावर एकमत नाही, आणि ते साहजिक आहे, कारण प्रत्येकाचा समुद्र वेगळा. बंजीचा आणखी एक दोष मात्र सगळ्यांना मान्य आहे. ताणलेली बंजी म्हणजे भरलेली गलोल. टोक माशातून सुटलं तर दांडी बाणासारखी उलटी येते. त्यामुळे ताणलेल्या बंजीच्या रेषेत तोंड ठेवून थांबायचं नाही.

लांबी किती? जेवढ्या खोलीवर उतरायचं त्याच्या दीडपट, हा बरा अंदाज. वीस मीटर उतरणार असाल तर तीस मीटर. दोरी पाण्यात उभी राहत नाही, प्रवाहानं तिरकी होते, म्हणून खोलीएवढी दोरी नेहमी अपुरी पडते आणि ऐन नेमाच्या वेळी फ्लोट मागून खेचतो. फार लांब घेतली तर वर ढीग साचतो, आणि तो ढीग जीवघेणा असतो.

दोरी पाण्यात दिसायला निरुपद्रवी असते. वेटोळी होऊन पायाजवळ तरंगत असते. मासा निघाला की तीच वेटोळी एका क्षणात आवळली जातात, आणि त्यात मनगट, फिन, चाकूची मूठ, पट्ट्याचं बक्कल, काहीही अडकू शकतं. म्हणून दोरी कायम प्रवाहाच्या दिशेनं आपल्यामागे सरळ वाहती ठेवायची. बाण सोडल्यावर ती हाताला गुंडाळायची नाही, कधीही नाही, "एक सेकंद धरतो" म्हणूनही नाही. ब्रेक लावायचाच असेल तर वर येऊन श्वास घेतल्यावर, हातमोजा घातलेल्या उघड्या मुठीतून ती सरकू द्यायची. चाकू अशा जागी हवा की दोन्ही हातांपैकी कुठल्याही हातानं निघेल. खाली जायला मदत व्हावी म्हणून कंबरेला बांधलेला वजनांचा पट्टा एका झटक्यात सुटला पाहिजे.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. खाली असताना दाबामुळे फुप्फुसातला थोडासा प्राणवायूही मेंदूला पुरतो. वर येताना दाब घटतो, तसा प्राणवायूचा दाबही घसरतो, आणि शेवटच्या दहा मीटरांत माणूस कसलीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध होऊ शकतो. कधीकधी पाण्याबाहेर तोंड काढल्यावरसुद्धा. माशाशी ओढाताण केली की प्राणवायू झपाट्यानं संपतो, पण उत्साहात ते जाणवत नाही. म्हणूनच बाण सुटताक्षणी दोरी सोडून वर यायचं. फ्लोट असतो तो माणसाला हा मोह टाळता यावा म्हणून. जोडीला साथीदार लागतो आणि त्यानं वरून बघत राहायचं: एक खाली, तेव्हा दुसरा वरच. दोघं एकदम खाली गेले तर बेशुद्ध झालेल्याला कुणी वाली नाही.

मासा दमल्यावरचं काम शांतपणे होतं. वर तरंगत, हात मागे हात टाकत दोरी ओढायची, ओढलेली दोरी पुन्हा मागे वाहू द्यायची, आणि मासा वर येईल तसा फ्लोट दोरीवर जवळ सरकवून क्लिप करायचा, म्हणजे तो परत निघाला तरी लगेच ओझं येईल. मोठ्या माशाला बहुतेक वेळा दुसऱ्या गननं दुसरा बाण मारतात. जवळ आला की कल्ल्यात हात घालून डोक्यात, मेंदूच्या जागी चाकू. हे वाचायला कठोर वाटेल, पण तडफडत ठेवण्यापेक्षा माशावर हीच दया आहे. शिवाय तडफड आणि रक्त दोन्ही शार्कला बोलावतात.

आता आमच्या शेडमधली गोष्ट, कारण हात लावून बघण्यासारखं तिथंच सर्वांत जास्त होतं. मोनोफिलामेंटला गाठ मारत नाहीत, धातूची छोटी नळी घालून दाबतात, तिला क्रिंप म्हणतात. दोरी नळीतून घालायची, फास करून परत आणायची, आणि पक्कडीनं दाबायची. भाच्यानं भिंगाखाली दाखवलं: नळी मधोमध दाबलेली, पण दोन्ही टोकांना मिलिमीटर-दोन मिलिमीटर भाग न दाबता तसाच, सनईच्या तोंडासारखा किंचित उमललेला. टोकापर्यंत दाबलं तर धातूची कड नायलॉनमध्ये रुतते, दर हिसक्याला थोडी थोडी कापते, आणि एके दिवशी दोरी तिथंच तुटते. दोरीचं मोकळं टोक लायटरनं वितळवून त्याची गुंडी करतात, म्हणजे ते नळीतून मागे निसटत नाही. स्टेनलेसच्या तारेवर ॲल्युमिनियमची नळी लावायची नाही, खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संगतीनं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तिथं तांब्याची घ्यायची. प्रेसवर काम करणाऱ्या आमच्या कारागिरानं हे बघितलं आणि लगेच विचारलं की पक्कडीतल्या डायला, म्हणजे दाबायच्या साच्याला, कड का ठेवली आहे. त्याला अर्ध्या मिनिटात सगळं कळलं.

डायनिमा नावाची दोरी वजनाला हलकी, पाण्यावर तरंगणारी आणि स्टीलला लाजवील इतकी चिवट असते, म्हणून स्लिप टिपला ती वापरतात. पण ती निसरडी असते. साधी गाठ सुटते, आणि न सुटणारी गाठ मारली तरी गाठीपाशी तिची साधारण निम्मी ताकद जाते. तिला दोरीतच दोरी ओवून जोड द्यावा लागतो. साखळीत टिप, तार, क्रिंप, स्विव्हल (पीळ पडू न देणारी फिरती कडी), क्लिप, दोरी असे दहा-बारा सांधे असतात. मासा त्यातला सर्वांत कच्चा सांधा शोधून काढतो, मग बाकीचे कितीही किलोंचे असोत.

कायद्याचं थोडक्यात. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये पाठीवर हवेची टाकी लावून भाल्यानं मासा मारता येत नाही, दमावरच मारावा लागतो. ग्रेट बॅरियर रीफच्या हिरव्या पट्ट्यांत मासेमारीच बंद आहे. आपल्याकडे मालवणचा समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला डायव्हिंग शिकायला आपल्या भागातली बरीच मुलं जातात, त्यांनी पाणी बघावं, प्रवाळ बघावं, पण तिथं भाल्याचा विचारही करू नये. इतर ठिकाणी जायचं असेल तर आधी तिथल्या मत्स्य खात्याला आणि गावातल्या मच्छीमारांना विचारावं. त्यांच्या जाळ्यांच्या फ्लोटजवळ आपला फ्लोट नेणं म्हणजे भांडणाला आमंत्रण आणि दोरीला गुंता.

सामानाची निगा साधी, पण चुकवायची नाही. प्रत्येक बुडीच्या दिवसानंतर सगळं गोड्या पाण्यात भिजवायचं, विशेषतः क्लिप आणि स्विव्हल, मीठ आत राहिलं की ते फिरायचे थांबतात आणि दोरीला पीळ पडतो. रबरी नळी उन्हात वाळत घालायची नाही, सावलीत सैल टांगायची. दर वेळी ती हातानं थोडी ताणून बोटांखालून पूर्ण सरकवायची. जिथं बारीक भेगा लागतील किंवा नळी चिकट वाटेल तिथं ती कापून टाकायची आणि नवीन लावायची. मोनोफिलामेंट शार्कच्या दातानं किंवा खडकानं खरवडलं गेलं असेल तर नखाला लागतं, तेही बदलायचं. भाच्यानं परत निघायच्या आदल्या दिवशी ओसरीवर बसून अख्खी दोरी अशी तपासली आणि दोन क्रिंप कापून नव्यानं दाबले.